लिनक्सकडे वळताना मदत कुठे शोधावी, कशी मागावी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नियमित अद्यतने थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अजून उत्तम चालणारे अनेक संगणक त्या निकषांत बसत नाहीत, आणि ते वापरणारे बरेच जण प्रथमच लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीचा गंभीरपणे विचार करू लागले आहेत. लिनक्स बसवणे आता अवघड राहिलेले नाही; बहुतेक संगणकांवर पेन ड्राइव्हवरून ते काम तासाभरात उरकते. अडते ते त्यानंतर. आवाज येत नाही, प्रिंटर सापडत नाही, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होत नाही, असे काहीतरी होते आणि माणूस सवयीने ग्राहकसेवेचा क्रमांक शोधू लागतो. तसा क्रमांक इथे नसतो. मदत मात्र असते, भरपूर असते आणि बहुधा विनामूल्य असते. पण ती अनोळखी स्वयंसेवकांकडून येते, आणि त्यांना तुमचा संगणक दिसत नसतो. तो त्यांना दिसेल अशा रीतीने अडचण मांडणे हा मदत मिळवण्यातला सर्वांत मोठा भाग आहे.

ही मदत चालते कशी

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांच्या चर्चागटात एक संदेश टाकला. आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत, तेव्हा मिनिक्समधले काय आवडते आणि काय खटकते ते लोकांनी कळवावे, असा त्याचा आशय होता. पुढे याच कामाला लिनक्स हे नाव मिळाले. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या प्रकल्पाने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार जाहीर केला आणि त्यात अडचणी लपवणार नाही असे स्पष्ट वचन दिले. डेबियनमधील दोषांची नोंदवही आजही कोणालाही उघडून वाचता येते. सगळे काही चारचौघांत विचारायचे आणि चारचौघांत सोडवायचे, ही या जगाची पहिल्यापासूनची रीत आहे.

नव्याने येणाऱ्याच्या दृष्टीने या रीतीचे परिणाम फार महत्त्वाचे आहेत. ग्राहकसेवेत तुमची तक्रार आणि तिचे उत्तर तुमच्यात आणि कंपनीत राहते. इथे दोन्ही सार्वजनिक असतात, म्हणून दहा वर्षांपूर्वी कोणी विचारलेला प्रश्न आज तुमच्या कामी येऊ शकतो, आणि तुमचा प्रश्न उद्या आणखी कोणाच्या. उत्तर देणारा फक्त तुमच्यासाठी लिहीत नसतो. मागून येणाऱ्या वाचकांसाठीही लिहीत असतो. खासगी संदेश पाठवून मदत मागितली की अनेक जाणकार नकार देतात आणि प्रश्न सर्वांसमोर मांडायला सांगतात, त्याचे कारण हेच. त्यात तुटकपणा नसतो. खासगीत दिलेल्या चुकीच्या सल्ल्याला दुरुस्त करायला तिसरा माणूस हजर नसतो, ही अडचण त्यांना ठाऊक असते.

उत्तरे देणारे लोक कोण, याबद्दलही नवख्यांच्या मनात गैरसमज असतात. ते क्वचितच त्या सॉफ्टवेअरचे निर्माते असतात. तुमच्याआधी वर्ष-दोन वर्षे त्याच वाटेने गेलेले साधे वापरकर्ते त्यांत पुष्कळ असतात, काही जण व्यवसायाने सर्व्हर सांभाळणारे असतात, आणि काही विशिष्ट डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या एखाद्या तयार संचाची, सॉफ्टवेअर पॅकेजे तयार करणारे. हे काम ते आपल्या मोकळ्या वेळात करतात. ठरलेल्या वेळेत हमखास उत्तर हवे असेल तर रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल यांसारख्या कंपन्या पैसे घेऊन ती सेवा देतात, पण ती मुख्यतः संस्था आणि उद्योगांसाठी असते. घरच्या एका लॅपटॉपसाठी समुदाय हाच खरा आधार.

डिस्ट्रो निवडण्याआधी तिची माणसे पाहा

लिनक्स हे मुळात कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे नाव. त्याभोवती बाकीचे सॉफ्टवेअर जुळवून तयार केलेला वापरण्याजोगा संच म्हणजे डिस्ट्रो: उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च आणि असे शेकडो. नवखा माणूस बहुधा पडद्याचे रूप पाहून निवड करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या डिस्ट्रोची निवड तिच्याभोवतीची माणसे पाहून करावी, कारण पडद्याचे रूप नंतर केव्हाही बदलता येते.

उबंटू २००४ मध्ये आली आणि तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की बहुतेक सामान्य अडचणींचे उत्तर शोधल्यावर आधीच लिहिलेले सापडते. आस्क उबंटू हे तिचे प्रश्नोत्तरांचे ठिकाण २०१० पासून चालू आहे. मिंट ही उबंटूवर आधारलेली असून तिच्या फोरमवर नवशिक्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तिथल्या जुन्या सदस्यांना पहिल्या पायरीवरच्या प्रश्नांची सवय आहे. फेडोराचा समुदाय तत्पर आहे, पण तिची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने आधार मिळतो, त्यामुळे वरचेवर मोठी अद्यतने करण्याची तयारी लागते. शिवाय पेटंटच्या कारणाने ती काही कोडेक, म्हणजे व्हिडिओ चालवण्यासाठी लागणारे भाग, सोबत देत नाही, म्हणून फेडोरावर आलेल्याचा पहिला प्रश्न हमखास व्हिडिओ चालत नसल्याचा असतो आणि उत्तरात आरपीएम फ्यूजन या पूरक भांडाराचे नाव येते. २००२ पासूनच्या आर्चचा विकी, म्हणजे वापरकर्त्यांनी मिळून लिहिलेला माहितीसंग्रह, सर्वच डिस्ट्रोच्या वापरकर्त्यांना उपयोगी पडतो, इतके त्याचे लेख तपशीलवार आहेत. पण आर्चच्या लोकांची अपेक्षा असते की विचारणाऱ्याने ते लेख आधी वाचलेले असावेत. पहिल्याच स्थलांतरासाठी ही अपेक्षा जड जाते.

एका गोष्टीत अनेक जण फसतात. मिंट उबंटूवर आधारलेली असली तरी आस्क उबंटूवर मिंटविषयीचे प्रश्न स्वीकारले जात नाहीत. तिथे फक्त उबंटू आणि तिची अधिकृत रूपे यांच्याविषयी विचारायचे असते, आणि तेही आधार चालू असलेल्या आवृत्तींबद्दलच. मिंटच्या वापरकर्त्याने मिंटच्या फोरमवर किंवा युनिक्स अँड लिनक्स या सर्वसाधारण प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी जावे. उत्तरे वाचताना मात्र हे नाते उपयोगी पडते: मिंट २२ ही उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि मिंट २१ उबंटू २२.०४ वर, त्यामुळे त्या त्या उबंटूसाठी लिहिलेले उपाय बहुधा इथेही लागू होतात. उबंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला एलटीएस म्हणतात आणि तिला पाच वर्षे सर्वसाधारण आधार मिळतो. नवख्याने तीच घ्यावी, कारण तिच्याविषयीची उत्तरे जास्त असतात आणि जास्त काळ ताजी राहतात.

निवड पक्की करण्याआधी एखाद्या संध्याकाळी त्या समुदायाचे नवशिक्यांचे पान नुसते वाचत बसावे. प्रश्नांना उत्तरे येतात का, किती वेळात येतात, चुकीच्या जागी विचारलेल्याला समजावून दुसरीकडे पाठवतात की झिडकारतात, हे अर्ध्या तासात कळते.

पहिला प्रश्न विंडोज पुसण्याआधी विचारावा

बहुतेक डिस्ट्रो पेन ड्राइव्हवरून, संगणकाच्या डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. या लाइव्ह सत्राचा उपयोग पुष्कळ जण नुसते रूप पाहण्यासाठी करतात, आणि इथे मोठी संधी वाया जाते. त्यात वाय-फाय जोडून पाहावे, आवाज आणि मायक्रोफोन तपासावेत, कॅमेरा उघडावा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करावा, झाकण मिटून उघडावे, प्रिंटरवर एक पान छापून पाहावे. जे चालले नाही त्याची नोंद करून त्याविषयी आधी विचारावे. विंडोज अजून शाबूत असताना विचारलेल्या प्रश्नाला घाई नसते, आणि उत्तर समाधानकारक मिळाले नाही तर विचार बदलण्याची मोकळीक असते.

समुदाय ज्याबाबत काही करू शकत नाही, त्या गोष्टीही याच टप्प्यावर विचारात घ्याव्यात. अडोबीचे फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसवायची आवृत्ती लिनक्ससाठी निघत नाही. लिबरऑफिस, गिंप, क्रिता हे पर्याय चांगले आहेत, तरी तुमच्या कामाच्या विशिष्ट फाइली त्यांत नीट उघडतात का, हे त्या फाइली उघडूनच कळेल. विंडोजसाठीचे बरेच खेळ २०१८ पासून उपलब्ध असलेल्या प्रोटॉन या साधनामुळे स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून चालतात, परंतु फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. प्रोटॉनडीबी या ठिकाणी वापरकर्त्यांनी एकेका खेळाचे अनुभव नोंदवलेले आहेत.

आणखी एक खबरदारी. अनेक नव्या विंडोज संगणकांची डिस्क बिटलॉकर पद्धतीने कूटबद्ध असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बूटच्या, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या, सेटिंगमध्ये बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती आधी मिळवून कागदावर उतरवून ठेवावी आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. जगातला कोणताही समुदाय हरवलेली की शोधून देऊ शकत नाही.

शोधताना उत्तराचे वय पाहावे

विचारण्याआधी शोधण्याची अपेक्षा सगळीकडे असते, आणि ती रास्त आहे. शोधण्याची रीत मात्र फारसे कोणी सांगत नाही. पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश जसाच्या तसा अवतरणचिन्हांत घालावा, त्यातले आपले वापरकर्तानाव आणि फोल्डरांची नावे काढून टाकावीत, आणि सोबत डिस्ट्रोचे नाव व आवृत्ती लिहावी. हार्डवेअरची अडचण असेल तर लॅपटॉपच्या मॉडेलपेक्षा त्यातल्या चिपचे नाव अधिक उपयोगी ठरते, कारण एकच चिप दहा कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये असू शकते.

संगणकावरच असलेली मदतही विसरू नये. युनिक्सची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली होती. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा (कमांड) देण्याच्या खिडकीत, ‘मॅन’ आणि पुढे कमांडचे नाव लिहिल्यावर उघडणारी पाने त्याच परंपरेतली आहेत. ती रुक्ष वाटतात, पण तुमच्या संगणकावर बसवलेल्या नेमक्या आवृत्तीबद्दल ती बोलतात, आणि हा गुण बाहेर सापडणाऱ्या बऱ्याच मजकुरात नसतो.

सापडलेले उत्तर किती जुने आहे, ते वाचण्याआधी पाहावे. लिनक्समध्ये काही पायाभूत भाग गेल्या दशकात बदलले आहेत आणि त्यांच्याविषयीचे जुने उपाय आज निरुपयोगी, क्वचित घातकही ठरतात. उबंटू आणि डेबियन यांनी २०१५ मध्ये पार्श्वभूमीवरच्या सेवा चालू-बंद करण्यासाठी सिस्टमडी स्वीकारले, त्यामुळे त्याआधीचे त्याविषयीचे सल्ले आता जसेच्या तसे लागू होत नाहीत. आवाजाची व्यवस्था पल्सऑडिओकडून पाइपवायरकडे गेली; फेडोराने २०२१ मध्ये तर उबंटूने २०२२ च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीत हा बदल केला. खिडक्या पडद्यावर रेखाटणारी यंत्रणाही एक्स११ वरून हळूहळू वेलँडवर चालली आहे, म्हणून स्क्रीनशॉट, टचपॅडचे हावभाव आणि दूरस्थ पडदा यांविषयीचे जुने उपाय नव्या आवृत्तीत चालतीलच असे नाही. २०१४ मधले एखादे उत्तर सर्वांत वर दिसते ते वर्षानुवर्षे साठलेल्या मतांमुळे. त्याखाली अलीकडे आलेली टिप्पणी बहुतेक वेळा जास्त कामाची असते.

चॅटबॉटना विचारणारेही आता पुष्कळ आहेत. त्रुटीच्या संदेशाचा अर्थ समजून घेण्यासाठी किंवा एखाद्या कमांडचा एकेक भाग उलगडण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण ते वेगवेगळ्या डिस्ट्रो आणि आवृत्ती यांचे उपाय एकत्र मिसळतात आणि अस्तित्वात नसलेले पर्यायही आत्मविश्वासाने सांगतात. त्यांनी सुचवलेल्या कमांड चालवून झाल्या असतील आणि त्यानंतर तुम्ही माणसांकडे आला असाल, तर त्या सगळ्या कमांडची यादी प्रश्नात द्यावी. आधी काय बदलले गेले आहे हे ठाऊक नसलेला जाणकार मूळ दोषाऐवजी त्या बदलांमागे धावत राहतो.

एक प्रश्न, जवळून

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एखाद्याने ‘लिनक्सवर वाय-फाय चालत नाही, कृपया लवकर मदत करा’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला काय कळते? कोणती डिस्ट्रो, कोणती आवृत्ती, कोणती वाय-फाय चिप, जाळे दिसतच नाही की दिसते पण जोडले जात नाही, लाइव्ह सत्रात चालत होते का, यातले काहीही कळत नाही. उत्तर द्यायचे तर आधी पाच प्रश्न विचारावे लागतील आणि प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहावी लागेल. वेळ थोडा असलेला स्वयंसेवक अशा वेळी पुढच्या प्रश्नाकडे जातो.

तोच माणूस शीर्षकात ‘मिंट २२ : ब्रॉडकॉम बीसीएम४३६०, ड्रायव्हर बसवूनही वाय-फायचे जाळे दिसत नाही’ असे लिहितो, आणि खाली पुढील मजकूर देतो: ‘काल मिंट २२ बसवली. लाइव्ह सत्रातही वाय-फाय नव्हते. मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट घेतले, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बसवला. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले, तो ठरवला. संगणक पुन्हा सुरू केला, तरीही एकही जाळे दिसत नाही. विंडोजमध्ये याच संगणकावर वाय-फाय चालत होते. संगणकाची माहिती खाली चिकटवली आहे.’ याला लिहायला दहा मिनिटे लागतात. पण वाचणाऱ्या जाणकाराचे लक्ष एका वाक्यावर लगेच थांबते: ‘एक पासवर्ड ठरवायला सांगितले’.

त्या वाक्याचा अर्थ असा की या संगणकात सिक्युअर बूट चालू आहे. ही व्यवस्था कर्नलमध्ये फक्त विश्वसनीय स्वाक्षरी असलेले भाग चढू देते. ब्रॉडकॉमचा हा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चिप चालवणारे सॉफ्टवेअर, वापरकर्त्याच्याच संगणकावर तयार होतो, आणि त्यावर त्याच संगणकावर बनवलेल्या कीने स्वाक्षरी केली जाते. ही की ओळखीची आहे, असे संगणकाच्या फर्मवेअरला, म्हणजे तो सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरला, एकदा सांगावे लागते, आणि ठरवलेला पासवर्ड त्यासाठीच असतो. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत एखादे बटण दाबण्यास सांगतो. काही तरी बिघडले असे समजून किंवा नुसती वाट पाहत राहिल्याने अनेक जण तो तसाच जाऊ देतात. की नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर बसवलेला असूनही कर्नल त्याला आत घेत नाही.

जाणकार एकच गोष्ट मागतो: ड्रायव्हर हाताने चढवण्याची कमांड चालवून तिचे उत्तर द्या. उत्तर येते, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे की नाकारली गेली. निदान पक्के झाले. की पुन्हा नोंदवण्याची विनंती टाकायची, संगणक पुन्हा सुरू करायचा, निळा पडदा आल्यावर या वेळी बटण दाबायचे, ‘एनरोल एमओके’ निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. पहिल्या पद्धतीने विचारलेला प्रश्न इथवर येण्याची शक्यता फार कमी होती, आणि कोणी तरी सिक्युअर बूट सरसकट बंद करण्याचा सल्ला देऊन मोकळे झाले असते.

संगणकाची माहिती गोळा करण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी कमांड म्हणजे ‘इन्क्सी’. तिला मोठ्या लिपीतला एफ आणि लहान लिपीतला झेड हे पर्याय दिले की प्रोसेसर, ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क आणि डिस्क यांची पूर्ण माहिती येते, आणि झेडमुळे नेटवर्क कार्डाचा पत्ता, अनुक्रमांक यांसारखी ओळख पटवणारी माहिती गाळली जाते. मिंटमध्ये सिस्टीमच्या माहितीची खिडकी उघडून तीच माहिती एका बटणाने उचलता येते. ती मजकूर म्हणून चिकटवावी. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो शोधात सापडत नाही, त्यातला मजकूर उचलता येत नाही आणि अंध व्यक्तींसाठीच्या वाचकयंत्राला तो वाचताही येत नाही. पडदा मजकूर उचलण्याजोगा नसेल, जसे की सुरू होतानाच थांबलेला संगणक, तेव्हाच फोटोला पर्याय नसतो. चिकटवण्यापूर्वी पासवर्ड, सार्वजनिक आयपी पत्ता आणि खरे नाव त्यात नाही ना, हे पाहावे. १९२.१६८ ने सुरू होणारा घरातल्या जाळ्याचा पत्ता उघड झाल्याने काही बिघडत नाही; तो लपवायच्या नादात कधी कधी उपयोगी ओळी गाळल्या जातात.

भाषेमुळे मागे राहू नये. मोठ्या डिस्ट्रोंच्या अनेक भाषांमध्ये स्वतंत्र चर्चा चालतात. इंग्रजीतच विचारायचे असेल तर सोपी, तुटक वाक्येही चालतात. व्याकरणापेक्षा तपशील महत्त्वाचा. प्रणाली आपल्या भाषेत ठेवली असेल तर त्रुटीचे संदेशही भाषांतरित येतात आणि शोधताना सापडत नाहीत. अशा वेळी कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ हे रोमन मोठ्या लिपीत लिहिले की तेवढ्या कमांडचे उत्तर बहुधा इंग्रजीत येते.

आणखी एक सवय लावून घ्यावी: मूळ हेतू सांगण्याची. कोणी विचारते, ‘प्रिंटरसोबत आलेल्या सीडीवरची विंडोजची सेटअप फाइल लिनक्समध्ये कशी चालवायची?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर लांबलचक आणि निष्फळ असते. त्याला खरे तर कागदावर छापायचे असते, आणि गेल्या काही वर्षांतले बरेचसे नेटवर्क प्रिंटर लिनक्समधल्या कप्स या व्यवस्थेत वेगळ्या ड्रायव्हरशिवाय आपोआप ओळखले जातात. हेतू लिहिला असता तर उत्तर दोन ओळींत मिळाले असते. आपण शोधलेल्या उपायाविषयी विचारताना तो उपाय कशासाठी हवा आहे, हे सोबत लिहिलेच पाहिजे.

उत्तर आल्यावर, आणि न आल्यावर

मिळालेल्या कमांड डोळे मिटून चालवू नयेत. ‘सुडो’ने सुरू होणारी कमांड संपूर्ण प्रणालीत बदल करू शकते, ‘आरएम’ फाइली पुसते आणि त्या कचरापेटीत जात नाहीत, ‘डीडी’ला चुकीच्या डिस्कचे नाव मिळाले तर ती डिस्क विचारल्याशिवाय अधिलिखित होते. इंटरनेटवरून एखादी स्क्रिप्ट ओढून न वाचताच प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी एकोळी कमांड दिसली तर थांबावे आणि ती काय करते ते विचारावे. असे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. समजावून सांगायला तयार नसलेल्याचा सल्ला सोडून देणेच बरे. सार्वजनिक ठिकाणी दिलेला घातक सल्ला इतर सदस्य बहुधा लवकरच दाखवून देतात, म्हणून अगदी पहिल्या उत्तरावर लगेच कृती न करता थोडे थांबण्यात शहाणपण आहे. केलेले बदल क्रमाने लिहून ठेवावेत, म्हणजे ते उलटवता येतात.

उत्तर आले नाही तर निदान एक दिवस वाट पाहावी, कारण त्या विषयाचा जाणकार पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला झोपलेला असू शकतो. नंतर ‘कोणी आहे का?’ असे लिहिण्याऐवजी प्रश्नात नवी माहिती घालावी: जुन्या कर्नलवर चालवून पाहिले, दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात पाहिले, त्याचे काय झाले. तोच प्रश्न दोन ठिकाणी विचारला असेल तर दोन्हीकडे तसे नमूद करावे, नाहीतर सुटलेल्या प्रश्नावर कोणी तरी तासभर डोके शिणवते. ताबडतोब बोलायचे असेल तर आयआरसी या जुन्या गप्पांच्या व्यवस्थेवर लिबेरा चॅट या २०२१ मध्ये सुरू झालेल्या जाळ्यात आणि मॅट्रिक्स या नव्या व्यवस्थेवर अनेक डिस्ट्रोंच्या खोल्या आहेत. तिथे ‘एक प्रश्न विचारू का?’ असे विचारून थांबू नये. प्रश्न सरळ मांडावा आणि निदान तासभर जोडलेले राहावे.

क्वचित उद्धट उत्तर येते. ‘आधी नियमपुस्तिका वाचा’ एवढेच फेकून देण्याची जुनी खोड या जगात आहे आणि तिच्यामुळे कित्येक जण परत फिरले आहेत. मला ती मुळीच समर्थनीय वाटत नाही. उबंटूने सुरुवातीपासूनच आचारसंहिता ठेवली, डेबियनने २०१४ मध्ये आणि लिनक्स कर्नलच्या प्रकल्पाने २०१८ मध्ये ती स्वीकारली. अपमान सहन करणे ही मदतीची किंमत नव्हे. तशा उत्तराला प्रत्युत्तर न देता संचालकांना कळवावे आणि बाकीच्यांशी बोलणे चालू ठेवावे. नुसते कोरडे, लांबी कमी असलेले उत्तर मात्र उद्धट समजू नये. पुष्कळ जण दिवसाला वीस प्रश्नांना उत्तरे देतात आणि थोडक्यात लिहितात.

कधी चर्चेतून निष्पन्न होते की तुमचे काही चुकलेले नाही, दोष सॉफ्टवेअरमध्येच आहे. मग तो नोंदवहीत घालावा: उबंटूसाठी लाँचपॅड, फेडोरासाठी बगझिला, डेबियनसाठी ‘रिपोर्टबग’ हे साधन. दोष डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये आहे की मूळ प्रकल्पात, हे जाणकारच सांगू शकतो, म्हणून आधी चर्चा आणि मग नोंद हा क्रम नवख्याला सोयीचा.

समोरासमोरची मदत अजूनही आहे. लिनक्स वापरकर्त्यांचे स्थानिक गट अनेक शहरांत भेटतात, काही ठिकाणी लोकांना लिनक्स बसवून देण्याचे मेळावे भरतात, आणि २००४ पासून दर वर्षी सॉफ्टवेअर फ्रीडम डे पाळला जातो. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू झालेल्या रिपेअर कॅफेच्या धर्तीवर अनेक देशांत दुरुस्तीच्या सभा होतात. विंडोज १० चा आधार संपत असताना केडीई या लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या समुदायासह मुक्तस्रोत जगातल्या अनेकांनी चालवलेल्या ‘एंड ऑफ १०’ या मोहिमेने मदतीच्या अशा ठिकाणांची यादी जमवली आहे. टर्मिनल पाहून दडपण येणाऱ्याला किंवा लिहून समजावणे जमत नसलेल्याला ही वाट अधिक सोपी जाते. जाताना चार्जर, फाइलींची प्रत घेतलेली डिस्क आणि बिटलॉकरची ती की सोबत असावी.

अडचण सुटल्यावर मूळ प्रश्नाखाली एक शेवटचे उत्तर लिहावे. ‘सुटले, धन्यवाद’ पुरत नाही. कोणत्या पायरीने सुटले, ती करताना पडद्यावर काय दिसले, कर्नलची आवृत्ती कोणती होती आणि पुढच्या अद्यतनानंतरही ते टिकले का, इतके लिहून शीर्षकावर ‘सुटले’ अशी खूण करावी किंवा बरोबर उत्तर स्वीकारल्याची नोंद करावी. त्या निळ्या पडद्याविषयी विकीत ओळ नसेल तर खाते उघडून ती भरता येते, आणि आठवडाभरापूर्वी स्वतः अडलेल्या माणसाने लिहिलेली ओळ नवख्याला सहज समजते, कारण कुठे अडखळायला होते हे त्याला अजून आठवत असते.